ब्रिजवर दोन सब, आणि आरतीला वीस मिनिटं बाकी

मागच्या गणपतीत ऐरोलीच्या एका सोसायटीचं साउंडचं काम होतं, मी ठाण्याहून निघालो तर विटाव्यालाच ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि तेवढ्यात हेल्परचा फोन, दादा अँप (अँप्लिफायर) सारखा प्रोटेक्टला जातोय, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतोय, ढोलकी जरा जोरात वाजली की लाल लाइट लागते आणि सगळं गप्प. बिचाऱ्याने तीनदा केबल बदलून बघितल्या होत्या.

पोचलो तेव्हा आरतीला वीस मिनिटं होती. अँप ब्रिजला टाकलेला, म्हणजे त्याचे दोन्ही चॅनल जोडून एकच मोठा केलेला, आणि कनेक्शन अगदी बरोबर केलं होतं पोराने, मिक्सरची केबल फक्त ए चॅनलला, स्पीकरची एक वायर ए च्या लाल टर्मिनलला, दुसरी बी च्या लालला, काळी दोन्ही मोकळी. पण सब, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजाचे स्पीकर (सबवूफर), दोन, पॅरललमध्ये! मीटर लावला तर ३ ओहम. ८ ओहमचा एक सब मीटरवर साधारण ६ दाखवतो, म्हणजे दोन मिळून ४ ओहमचा लोड झाला होता.

बरेच जण इथेच फसतात. ब्रिजमध्ये एक चॅनल उलट्या फेजमध्ये चालतो, एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली खेचतो, म्हणून स्पीकरला व्होल्टेज दुप्पट मिळतं, पण करंटही दुप्पट जातो आणि प्रत्येक चॅनलला लोडचे ओहम निम्मेच दिसतात, आणि ओहम जितके कमी तितका अँपवर ताण जास्त. इथे २ ओहम. अँपच्या मागे छापलंय, ब्रिजला कमीत कमी ८. प्रोटेक्शन होतं म्हणून वाचला, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर उडाले असते.

स्टिरिओवर, म्हणजे एकेका चॅनलला एकेक सब लावून, दोन्ही चालवले असते, पण एका सबचा कोन फाटलेला, नुसता फरफरत होता. तो काढला. मंडळाचे काका म्हणाले, "एकावर भागेल का हो?" म्हटलं भागेल काका, काळजी आता उलटी आहे. ब्रिजला हा अँप १००० वॅट देतो आणि सब ५०० चा, क्लिप लाइटच्या (अँप त्याच्या मर्यादेला पोचला की लागते ती) भरवशावर राहिलो तर ती लागायच्या आधीच सबची कॉइल जळेल. निम्मी पॉवर म्हणजे ३ डीबी खाली, मी लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर सिग्नल जाऊ न देणारा) सांभाळून ६ खाली लावला, गेन हळूहळू वर नेला.

सुखकर्ता सुरू झालं, टाळ, ढोलकी, दोनशे माणसं, आणि लाल लाइट एकदाही नाही. मला खरंच भरून आलं. रात्री दहाला बंद केल्यावर हीटसिंकला हात लावला तर कोमट. पोराने स्वतःहून मार्कर मागितला आणि अँपच्या झाकणावर मोठ्ठं लिहिलं, 'ब्रिज – एकच सब, ८ ओहम'.