उत्तरेला उगवलेली ज्येष्ठा

सीताबर्डीतल्या आमच्या लॅबमध्ये रात्रीच्या आकाशाचे फोटो छपाईला आले की ते माझ्या टेबलावर येतात. काळा रंग सांभाळणं सगळ्यांना जमत नाही. त्यात लोक आठ बिटची, म्हणजे कमी छटांची जेपीजी देतात, मग कॅनव्हासवर आकाशात पट्टे उमटतात आणि शिव्या लॅबला.

२०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा झाला. तेव्हापासून तिकडच्या रिसॉर्टवाल्यांना रिसेप्शनमध्ये आकाशगंगा हवी असते. असंच एक काम आलं, सहा बाय चार फुटांचा कॅनव्हास. फोल्डरमध्ये दोन फोटो होते, दोन्ही पुढच्या लॉनवरून, एकाच कौलारू छताचे. पहिला नमुन्यापुरता: स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये अनेक फोटो जोडून केलेल्या ताऱ्यांच्या रेषा, बरोबर छताच्या वर ध्रुवाभोवती गोल फिरलेल्या. छापायचा होता दुसरा. त्यात त्याच छतावर आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा मधला तेजस्वी भाग, वृश्चिकाची नांगी आणि तांबूस ज्येष्ठा तारा!

ध्रुव ज्या छतावर, ते छत उत्तरेला; तिथं हा गाभा येईल कसा? तरी खात्रीसाठी स्टेलॅरियम, म्हणजे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून नागपूर टाकलं. आपल्या २१ अंश अक्षांशावरून हा गाभा आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला जेमतेम ४० अंश चढतो आणि नैऋत्येला मावळतो. वर्षभराचं घड्याळ पळवलं तरी उत्तरेकडे फिरकत नाही. मग फोटो मोठा करून पाहिला. कौलांच्या कडेला निळसर किनार, आणि बाजूच्या झाडाच्या शेंड्यांत जुन्या आकाशाचे तुकडे अडकलेले. फोटोशॉपमध्ये २०२० पासून एका क्लिकवर आकाश बदलता येतं, पण पानापानांतून ते साफ करायला हात लागतो. तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

फोटोग्राफरला फोन केला.

"भाऊ, एवढं कोण पाह्यते? तुम्ही नाही का सोळा फोटो एकावर एक चढवत?"

चढवतो. सीक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये एकाच आकाशाच्या सोळा फ्रेमची सरासरी काढली की नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, चौथ्या हिश्शावर येतो. पण आकाशात नसलेला तारा त्यातून उगवत नाही. हे त्याला पटलं नाही, की पटवून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

मग मॅनेजरशी बोललो. तो बिचारा सरळ माणूस. "म्हणजे आमच्याकडून दिसतच नाही का जी?"

"दिसतो ना, मागच्या बाजूनं. मेच्या मध्याला रात्री अडीचच्या सुमारास, ठीक दक्षिणेला."

"मागं तर किचन आन् पाण्याची टाकी आहे."

टाकीसकट खरा फोटो काढून द्यायची तयारी दाखवली. मालकांना रिसेप्शनमध्ये टाकी नको होती. शेवटी तो आकाश बदललेला फोटोच छापला. छपाई अशी उतरली की एक पट्टा शोधून दाखवा.

परवा मॅनेजरचा फोन आला. पाहुणे विचारतात, छतावर हे कोणत्या महिन्यात दिसतं? मी म्हटलं, मागं टाकीपाशी खुर्च्या टाका, किचनचे दिवे बंद करा आणि दाखवा.

"किचनचे तर दहालाच बंद होतात," तो म्हणाला, "पण टाकीवरचा हॅलोजन मालक बंद करू देत नाहीत. बिबट येते म्हणतात."