गाडी वरपर्यंत जाते का?

सोमवार, रात्री साडेदहा. लालबाग.

बूट आत्ताच धुतले. मोरीत अजून लाल पाणी आहे.

गुडघे पार जायच्या आत आईला एकदा माथेरान बघायचं होतं, म्हणून काल गेलो. नेरळहून शेअर टॅक्सीनं दस्तुरी नाका, तिथून पुढे गाडी बंद. २००३ साली केंद्रानं माथेरानला इको-सेन्सिटिव्ह झोन ठरवलं. गाड्यांची बंदी मात्र त्याच्या कितीतरी आधीची. हॉर्न ऐकू येत नाही, एवढ्यावरच लालबागचा माणूस खूश.

ई-रिक्षाला मोठी रांग. एक घोडेवाला आला, "बसा ना मावशी." आई म्हणाली, "मी बसले तर दोघांनाही दवाखान्यात न्यावं लागेल." तो हसला आणि तिथंच रेंगाळला. पेव्हर ब्लॉकवर त्याचा भारी राग. पावसात नाल घसरते, जनावर पडलं की पाय गेलाच म्हणून समजा. "मातीच असू द्या की," म्हणाला. मी मान डोलावली.

मग आमचा रिक्षावाला भेटला आणि माझी मान दुसरीकडे डोलायला लागली. हा पूर्वी हातरिक्षा ओढायचा. एकानं पुढून ओढायचं, बाकीच्यांनी मागून रेटायचं, चढावर छाती फुटायची वेळ. "लोक आमचे फोटो काढायचे," एवढंच म्हणाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा म्हणून सांगितलं, दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हरला परवानगी दिली, आतल्या रस्त्यांवर नाही. परवानाधारक हातरिक्षावाले ९४, आणि ई-रिक्षांना सुरुवातीला मुभा होती २० ची. उरलेल्यांनी काय करायचं, हा हिशेब त्याला तोंडपाठ होता. ब्लॉक नसले तर गाडीचे सांधे खिळखिळे होतात, हेही त्यानंच सांगितलं.

लॉजवाल्या काकूंचं तिसरंच. सिलिंडरपासून कांद्यापर्यंत सगळं कुणाच्या तरी डोक्यावरून नाहीतर घोड्यावरून वर येतं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मात्र खाली न्यायला कुणी तयार नसतं. "गिऱ्हाईक वाढलं पाहिजे," म्हणाल्या, आणि लगेच, "पण शनिवार-रविवारी नको बाई!" ऐन रविवारी त्यांच्याच ओट्यावर बसून आम्ही दोघं चहा पीत होतो.

संध्याकाळी परतताना मी आईला म्हटलं, रिक्षा आल्या, आता माथेरान पूर्वीसारखं राहणार नाही. ती रिक्षात चढत म्हणाली, "तुला पूर्वीसारखं हवंय ना? मग तू चालत ये."

आलो चालत. अडीच-तीन किलोमीटर, उतारानं. वाटेत दोन घोडे आणि एक रिक्षा गेली, तिघांनाही मीच कडेला होऊन वाट दिली. धूळ तिघांचीही सारखीच.

सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकले. चौघांनी विचारलं, गाडी वरपर्यंत जाते का?