पट्टी कोण वाचतो?

मुलींना गणित जमत नाही, हे वाक्य गावाकडच्या पालकसभेत इतक्या सहज उच्चारले जाते की त्याची उलटतपासणी कुणी करत नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीचा 2023 सालचा अहवाल 14 ते 18 वयोगटातील ग्रामीण मुलामुलींविषयी होता. त्यानुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत वाचू शकणाऱ्या मुली 76 टक्के होत्या, मुलगे 70.9 टक्के; तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागताना मात्र मुलगे 45 टक्क्यांवर आणि मुली 41.8 टक्क्यांवर होत्या. वाचनात पुढे असणाऱ्या मुलींची बुद्धी नेमकी गणिताच्याच तासाला कमी पडते, हे मला मुळीच पटत नाही.

कारणाचा मोठा भाग मला शाळेबाहेर दिसतो. सोयाबीन बाजार समितीत नेताना वडिलांच्या शेजारी टेम्पोत मुलगा बसतो. सहा क्विंटल चाळीस किलो माल, क्विंटलला 4,300 रुपये भाव, म्हणजे 27,520 रुपये आणि त्यातून हमाली, तोलाई वजा, अशी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, तो डोळ्यांदेखत तयार होताना पाहतो आणि घरी आल्यावर ती ताडून पाहण्याचे कामही त्याच्याकडेच येते. त्या वेळी त्याची बहीण घरी स्वयंपाक करत असते. दहा माणसांना पीठ किती लागेल, याचा तिचा अंदाज सहसा चुकत नाही, पण त्या अंदाजाला गणित म्हणायची आपल्याकडे रीत नाही.

केवळ बाजारात वावरल्याने शाळेचे गणित येते, असे नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडी हिशेब झटपट करणारी ती मुले कागदावरच्या उदाहरणांत अडखळत होती. तरीही हिशेब आपल्याला आलाच पाहिजे, ही घरच्यांची अपेक्षा मुलाच्या वाट्याला येते आणि मुलीच्या येत नाही, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात बचत गटाची वही आई लिहिते, तिथेही शिकवणीची फी आधी मुलाची भरली जाते.

दहावीनंतर ही दरी रुंदावते. 'असर'च्या त्याच अहवालात, अकरावी किंवा त्यापुढे शिकणाऱ्या मुलग्यांपैकी 36.3 टक्के, तर मुलींपैकी 28.1 टक्के विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत होत्या. आपल्याकडे बारावीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पास आहे आणि त्याचा उपयोगही होतो, पण प्रात्यक्षिके संपल्यावर गावाकडे जायला गाडीच नसेल, तर घरचे गावाजवळच्या कला शाखेचा अर्ज भरून मोकळे होतात.