झेडमडमधून मडलेटमध्ये: जुन्या स्क्रिप्टांची डागडुजी

मड म्हणजे मजकुरातून खेळायचा ऑनलाइन गेम; झेडमड आणि मडलेट हे तो खेळायचे प्रोग्राम. नवा लॅपटॉप लिनक्सचा आणि झेडमड विंडोजचं, म्हणून मडलेट घेतलं. फुकट आहे, लिनक्सवर चालतं, आणि गेमही लगेच जोडला गेला. अडलं ते स्क्रिप्टांपाशी. कॉलेजपासून साठवलेले माझे एलियस (मोठ्या आज्ञांची छोटी रूपं) आणि ट्रिगर (गेममध्ये ठरावीक ओळ आली की आपोआप होणारी कामं) झेडमडच्या स्वतःच्या भाषेत, मडलेटला मात्र लुआ ही प्रोग्रामिंगची भाषा लागते.

चिन्हांचा निकाल लवकर लागला. व्हेरिएबलच्या आधीचं @ लुआला चालत नाही, ते काढलं. 'बरोबर नाही' साठी != च्या जागी ~= आलं. मजकूर जोडायला दोन टिंबं. काही स्क्रिप्टा मी वर्ड फाइलमध्ये जपल्या होत्या, तिथली वळणदार अवतरणचिन्हं “ ” लुआच्या लेखी चिन्हंच नाहीत, साधी " टाकावी लागतात. दिसायला इतकी सारखी की नजर चुकतेच.

अटींनी मात्र घाम काढला. झेडमडमध्ये अट लिहायची, महिरपी कंसात काम लिहायचं, झालं. लुआत अटीच्या कामाला असा कंस नाही. अटीनंतर 'देन' आणि शेवटी 'एंड'. गेममध्ये औषध पिण्याच्या माझ्या ट्रिगरमध्ये अटीच्या पोटात अट होती. मडलेट सांगत होतं की 'एंड' हवा होता आणि फाइल संपली, म्हणून मी शेवटच्या ओळीकडे टक लावून बसलो होतो. तेवढ्यात भाचा रामबागेतल्या आमच्या घरी आला. दहावीत आहे, मड म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, पण स्क्रीन बघून म्हणाला, "अरे मामा, हे तर रोब्लॉक्स गेमच्या कोडसारखंच आहे! तू खाली काय बघतोयस? 'इफ' तिसऱ्या ओळीवर उघडलंय, हे तो संदेशच सांगतोय ना." खरंच, त्याच संदेशात तिसरी ओळ लिहिलेली होती. मग आतल्या प्रत्येक 'इफ'चा 'एंड' त्याच्याच रेषेत आणून ठेवला, तेव्हा कुठला राहिलाय ते दिसलं.

सिंटॅक्स, म्हणजे लिहिण्याची रचना, चुकला तर मडलेट तो ट्रिगर चालूच करत नाही, आणि मला हे आवडलं. गुपचूप फसणाऱ्या गोष्टी जास्त छळतात. पॅटर्नचा, म्हणजे ट्रिगर ओळीत शोधतो त्या नमुन्याचा, प्रकार आपण बदलला नाही तर 'सबस्ट्रिंग' (जसाच्या तसा मजकूर) राहतो, आणि आकडे पकडणारा पॅटर्न ओळीशी कधी जुळतच नाही. तिथे 'पर्ल रेजेक्स' निवडावं लागतं. पकडलेला आकडा 'मॅचेस' या यादीच्या पहिल्या नाही, दुसऱ्या खणात असतो; पहिल्यात पूर्ण जुळलेला मजकूर. शिवाय तो आकडा दिसतो तरी असतो मजकूर, त्यामुळे 'टूनंबर'ने त्याची संख्या केल्याशिवाय ५० सारख्या संख्येशी तुलना होत नाही.

वेळेचंही तसंच. थांबायला सांगणारा झेडमडचा वेट मिलिसेकंदांत, मडलेटचा टेम्पटायमर सेकंदांत. जुना २००० तसाच उतरवला तर औषध दोन सेकंदांऐवजी अर्ध्या तासाहून उशिरा पोटात जाईल, तोवर राक्षस थांबणार आहे थोडाच! आणि हे लुआच्या दृष्टीने अगदी शुद्ध, एररबिरर काही नाही. म्हणून सगळे टायमर एकदा शोधून हजाराने भागले.

रंग बदलणारे ट्रिगर अजून जुन्या फायलीतच आहेत. लढाईत त्यांच्यावाचून अडत नाही.