स्प्लेंडर प्लस का शाईन १००, आमचा दीड महिन्याचा घोळ

मध्ये दीड महिना आमच्या घरात जेवताना, झोपताना, फोनवर, सगळीकडे एकच विषय चालू होता, गाडी कुठली घ्यायची. बाबांनी २०१० साली घेतलेली स्प्लेंडर इतकी वर्षं मीच चालवतोय, टाकीवर अजून हिरो होंडा लिहिलेलं आहे, पण आरसीची पंधरा वर्षं भरत आली आणि इंजिनाचं कामही निघायला लागलं, मग ठरवलं की आता नवीन घ्यायची. बजेट ठरलेलं, १०० सीसीच्या वर जायचं नाही हेही ठरलेलं, कारण माझं रोजचं जाऊन येऊन ४० किलोमीटर आणि त्यात पळवण्यासारखं काही नसतंच, सगळं सिग्नल, खड्डे, स्पीडब्रेकर. त्यामुळे शेवटी नावं दोनच उरली, हिरोची स्प्लेंडर प्लस आणि होंडाची शाईन १००. आणि इथेच घोळ सुरू झाला, कारण या दोन गाड्या इतक्या सारख्या आहेत की कागद समोर ठेवून कितीही वेळ बसलं तरी निर्णय होत नाही.

सारख्या असणारच म्हणा. स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन आपल्याकडे १९८५ च्या सीडी १०० मध्ये आलं तेव्हा हिरो आणि होंडा एकत्र होते, १९९४ ला स्प्लेंडर आली तीही दोघांची मिळून, आणि मग २०१० च्या डिसेंबरमध्ये दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. स्प्लेंडर हिरोकडे राहिली. होंडाने त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२३ च्या मार्चमध्ये, शाईन १०० आणली ती सरळ त्याच गिऱ्हाईकासाठी. म्हणजे वाटणी झालेल्या दोन भावांच्या घरातल्या गाड्या आहेत या, नाक-डोळे सारखे येणारच. दोन्हीला चार गिअर, दोन्ही एअरकूल्ड, दोन्हीला सेल्फ आणि किक, दोन्हीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, साधारण ८ न्यूटन मीटर, सीटची उंची एकीची ७८५ मिमी आणि दुसरीची ७८६. एक मिलीमीटर! मी पहिले दोन आठवडे असलेच आकडे मोबाईलमध्ये शेजारी शेजारी लावून बघत होतो आणि त्यातून काहीच निघत नव्हतं.

मग एक आकडा दिसला जो मी आधी दहा वेळा वाचून सोडून दिला होता. टॉर्क दोघींचा सारखाच, पण स्प्लेंडरचा पूर्ण टॉर्क मिळतो ६००० आरपीएमला (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि शाईनचा ५००० ला. आपण टॉर्कचा आकडा बघतो आणि त्याच्यापुढे काय लिहिलंय ते वाचतच नाही, पण रोजच्या चालवण्यात खरी मजा त्या पुढच्या आकड्यात आहे. ट्रॅफिकमध्ये आपण इंजिन ६००० पर्यंत नेतो तरी कधी, बहुतेक वेळ त्याच्या बराच खालीच असतो. आता हा फरक येतो कुठून तर इंजिनाच्या मापातून. स्प्लेंडरचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ५० मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली वाट, ४९.५ मिमी, म्हणजे जवळपास चौकोनी. शाईन १०० चा बोअर ४७ आणि स्ट्रोक ५७ च्या आसपास, म्हणजे पिस्टन बारीक पण त्याची वर-खाली जायची वाट लांब. वाट लांब म्हणजे क्रँकचा हात लांब, लांब पान्याने नट जसा कमी जोरात सुटतो तसंच. अशी इंजिनं सहसा खालच्या आरपीएमला जास्त ओढ देतात आणि वर फार फिरायला तयार नसतात. स्प्लेंडरचं उलटं, ती वर जास्त मोकळी होते, म्हणून तिची पॉवर थोडी जास्त आहे, ८ पीएस आणि तीही ८००० ला, तर शाईनची साडेसातच्या आत आणि ७५०० ला. ज्याला रोज मोकळ्या हायवेवर लांब एका स्पीडने जायचंय त्याने हे उलट्या बाजूने वाचावं. त्याला स्प्लेंडरच बरी पडेल असं मला मनापासून वाटतं.

पण हे सगळं वाचून कळणं वेगळं आणि गाडीवर बसून कळणं वेगळं. टेस्ट राईड मागितली की आपल्याला देतात काय, शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर, तीही एकट्याला, गाडी आधीच गरम. त्यात काय कळणार? मी दोन्हीकडे सरळ सांगितलं की मला बायकोला मागे बसवून चढ असलेल्या रस्त्यावर न्यायची आहे, नाहीतर मी घेणार नाही. एका ठिकाणी जरा वेळ लागला, तोंडं वाकडी झाली, पण दिली. तुम्हीही मागा, लाजू नका, आठ-दहा वर्षं चालवायची वस्तू आहे. तोच चढ, डबल सीट, थर्ड गिअर, स्पीड ३० च्या आसपास, आणि थ्रॉटल हळूहळू वाढवायचं, बस एवढी एकच परीक्षा घ्या. शाईन त्या चढावर थर्डमध्येच शांतपणे चढून गेली. स्प्लेंडरला मला सेकंड टाकावा वाटला, सेकंड टाकल्यावर मात्र तिने मस्त ओढलं, तक्रार काहीच नाही. पण दिवसातून पन्नास वेळा जो गिअर खाली टाकावा लागणार आहे तो डाव्या पायाला आणि डाव्या हाताच्या क्लचला कळतो, संध्याकाळी जास्तच कळतो. उलट सपाट रस्त्यावर ६० च्या पुढे गेल्यावर मला स्प्लेंडर जास्त निवांत वाटली, हेही सांगितलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट, वजन. स्प्लेंडर प्लस ११२ किलो, शाईन १०० ९९ किलो. तेरा किलो. चालत्या गाडीवर याचा फारसा पत्ता लागत नाही, म्हणून मीही आधी याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पण या वेळची गाडी माझ्या एकट्याची नाहीये. बायकोला गिअरची गाडी शिकायची आहे, आजवर तिने स्कूटरच चालवली, आणि घरात दोन गाड्या ठेवायला ना जागा ना पैसा, तेव्हा एकच गाडी दोघांना जमली पाहिजे. तिने टेस्ट राईडच्या आधीच एक गोष्ट केली जी मला कधी सुचली नसती, गाडी चालू न करता ती नुसती मागे घेऊन बघितली. आमच्या पार्किंगला बाहेरच्या बाजूला उतार आहे, म्हणजे रात्री गाडी आत ढकलत चढवायची आणि सकाळी दोन गाड्यांच्या मधून उलटी काढायची, वर हँडल फिरवायला जागा नाही. तिने दोन्ही गाड्या तशाच ढकलून बघितल्या, मेन स्टँडवर लावून बघितल्या, एका बाजूला थोड्या कलंडवून परत सरळ करून बघितल्या. कलंडवून बघण्याचं तर मला फारच पटलं, कारण नवीन शिकणाऱ्या माणसाची गाडी पडते ती पळताना नाही, उभी असताना पडते, सिग्नलला पाय नीट टेकला नाही आणि वजन एका बाजूला गेलं की झालं. तिथे तेरा किलो म्हणजे सावरली आणि पडली एवढा फरक आहे. ती म्हणाली, "ही (शाईन) मला एकटीला जमेल, ती (स्प्लेंडर) जमेल पण तू जवळ असलास तर." मी जे दोन आठवडे आकड्यांत शोधत होतो ते तिने पाच मिनिटांत सांगितलं.

अ‍ॅव्हरेजबद्दल सगळेच विचारतात म्हणून लिहितो. माझ्या ओळखीत दोन्ही गाड्या असलेली माणसं आहेत आणि जो तो आपल्याच गाडीचं जास्त सांगतो. मी एक साधा हिशेब केला. महिन्याला माझं हजार-चाळीसेक किलोमीटर होतं. एक गाडी ६० देते आणि दुसरी ६५ देते असं धरलं तर पहिलीला सव्वासतरा लिटरच्या आसपास लागणार आणि दुसरीला सोळा. महिन्याला फरक सव्वा लिटर. एवढा फरक तर टायरची हवा कमी असली, चेन कोरडी पडली किंवा सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरायची सवय असली तरी पडतो. तेव्हा या दोघींमध्ये अ‍ॅव्हरेजवरून भांडायचं काही कारण नाही. आणि मोजायचं असेल तर फुल टँक ते फुल टँक मोजा, एकाच पंपावर, निदान तीन वेळा, एका वेळचा आकडा धरू नका. टाकीचं मात्र आहे, स्प्लेंडरची ९.८ लिटर, शाईनची ९, म्हणजे ६० च्या हिशेबाने एका टाकीत पन्नासेक किलोमीटर कमी. मला रोज पंपावरून जावं लागतं त्यामुळे फरक पडत नाही, ज्याच्या गावाजवळ पंप नाही त्याने हे बघावं.

ब्रेक दोन्हीला ड्रमच. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नवीन गाड्यांना मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो ती सिस्टीम दिलेलीच असते, तशी दोन्हीला आहे. स्प्लेंडरचा मागचा ड्रम १३० मिमी, शाईनचा ११०. चाकं स्प्लेंडरची १८ इंची, शाईनची १७, आणि खड्ड्यात मोठं चाक थोडं सोपं जातं हे खरं आहे, मलाही ते जाणवलं. इथे स्प्लेंडरला माझ्याकडून पूर्ण मार्क.

बाबांचा कौल अर्थातच स्प्लेंडरला. त्यांचं म्हणणं साधं होतं, कुठेही बंद पडली तरी पहिला जो मेकॅनिक दिसेल तो डोळे मिटून उघडेल, पार्ट कुठल्याही दुकानात मिळेल. या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. तीस वर्षांची गाडी आणि परवा आलेली गाडी यांची या बाबतीत बरोबरी होऊच शकत नाही. फक्त एवढं आहे की आपल्या डोळ्यांसमोर जी स्प्लेंडर आहे ती कार्बोरेटरची, जेट काढून फुंकर मारली की चालू. २०२० च्या बीएस सिक्स या प्रदूषणाच्या नियमांनंतर स्प्लेंडरही फ्युएल इंजेक्शनवर आली, सेन्सर आले, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आला, म्हणजे झाडाखालच्या मेकॅनिकचा भाग आता तिच्यातही कमी झालाय. ऑईल, चेन, ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल या गोष्टी दोन्हीच्या कोणीही करेल, इंजेक्शनचं काही निघालं तर दोन्हीला स्कॅनर असलेला माणूसच लागणार. शाईन १०० चा फ्युएल पंप टाकीच्या बाहेर बसवलाय, त्यामुळे पंपाचं काम निघालं तर टाकीत हात घालावा लागत नाही, हे मला आवडलं. मी बाबांना हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेतात, पण पटलं की नाही ते लगेच सांगत नाहीत.

खरं सांगायचं तर माझंही मन स्प्लेंडरकडेच ओढत होतं. त्या गाडीवर मी चालवायला शिकलो, आईला दवाखान्यात नेलं ते त्याच गाडीवर, लग्नानंतर पहिल्यांदा दोघं बाहेर गेलो तेही. पण मला हळूहळू कळत गेलं की मला आवडतेय ती माझी जुनी गाडी आहे, आणि शोरूममध्ये उभी असलेली गाडी ती नाहीये, नाव एकच असलं तरी. हे एकदा मनात नीट बसल्यावर मग निर्णयाला वेळ लागला नाही, कारण आमच्या घराच्या गरजा आमच्या समोरच होत्या, चढ, डबल सीट, अडचणीचं पार्किंग, आणि दोन चालवणारी माणसं ज्यातलं एक नवीन शिकतंय. शाईन १०० बुक केली. माझ्या जागी एकटा चालवणारा, लांबचं अंतर कापणारा, खराब रस्त्याने आडगावी जाणारा कोणी असता तर मी त्याला स्प्लेंडर घ्यायला लावली असती, आणि तेवढ्याच खात्रीने.

गाडी येऊन आता तीन आठवडे झालेत. अजून रनिंग-इनमध्येच, म्हणजे इंजिन बसायच्या सुरुवातीच्या काळातच आहे म्हणून जोरात पळवत नाही, टॉप गिअरमध्ये कमी स्पीडला ओढायलाही लावत नाही, बायकोलाही तेच सांगितलंय. तिचं क्लच सोडणं अजून जरा झटक्याने होतं, पण चढावर थांबून परत निघायला तिला जमायला लागलंय आणि गाडी बंद पडायचं प्रमाण कमी झालंय. काल बाबा खाली आले, सीटवर हात ठेवून गाडी जरा पुढेमागे हलवून बघितली आणि म्हणाले, हलकी आहे गं. तिने चावी पुढे केली. त्यांनी पार्किंगमधून गाडी स्वतः उलटी काढली आणि एक चक्कर मारून आले.