बाटलीतलं लोह

सकाळी लॅबमध्ये शिरलो तो बॅगही न ठेवता स्क्रीनसमोर गेलो. निकेलच्या जाळीवर रात्रभर विजेने पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन चालू ठेवलं होतं. करंट कायम, आणि व्होल्टेज मात्र संध्याकाळपेक्षा 80 मिलिव्होल्टने उतरलेलं! जाळीवर तर मी काहीच चढवलं नव्हतं.

80 मिलिव्होल्टचं एवढं काय, असं वाटेल. पण एक किलो हायड्रोजनला सुमारे 26,600 अँपिअर-तास लागतातच, त्यात घासाघीस नाही. जे काही वाचवायचं ते व्होल्टेजमध्ये. तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात सेल 1.8 ते 2 व्होल्ट खातो. त्यातला बराचसा जातो ऑक्सिजनच्या बाजूला. तिथे एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन सुटावे लागतात आणि ते काम रडतखडतच होतं. 80 मिलिव्होल्ट उतरले म्हणजे किलोमागे दोनेक युनिट वाचली. मी मनातल्या मनात पेपरचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं.

मॅडमनी आलेख बघितला. शाबासकी वगैरे काही नाही. "पोटॅशियम हायड्रॉक्साईडची बाटली बदललीस का रे?"

बदलली होती. (पाण्यातून वीज नीट वाहावी म्हणून ही अल्कली त्यात मिसळतो.) शुद्ध प्रतीची संपली म्हणून कपाटातली साधी फोडली होती. वहीत नोंद नाही. खरी लाज त्याची वाटली.

"मग लोह आलं असेल त्यातून. निकेल ते ओढून घेतं आणि ऑक्सिजन सोडायला सोकावतं. 1987 सालीच छापून आलंय हे."

दिवसभर मग लोह काढत बसलो. निकेल हायड्रॉक्साईडचा पोपटी गाळ द्रावणात ढवळायचा, तो लोह धरून ठेवतो. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं नितळ तेवढं घ्यायचं. सगळं प्लॅस्टिकच्या बाटल्यांत, कारण अल्कलीत काचसुद्धा लोह सोडते. (हे कळल्यावर मागच्या महिन्याभरातल्या सगळ्या बीकरांकडे मी संशयाने बघायला लागलो.)

नवी जाळी, गाळलेलं द्रावण. तासाभराने बघतो तर व्होल्टेज वरच ठाण मांडून.

संध्याकाळी मायक्रोपिपेटने आयर्न नायट्रेटचा एक थेंब सोडला. आधी काहीच नाही. मग रेघ हळूच झुकली, आणि झुकतच राहिली. जाळीवरचे बुडबुडेही बारीक होऊन भराभर सुटायला लागले.

पेपर गेला. वहीत बाटलीचा लॉट नंबर लिहिला, लाल शाईने, आणि दुसरा थेंब भरून घेतला.