छपाईला न गेलेली खोदचित्रे

हस्तिदंत म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोरून घडवलेली मूर्ती येते. फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातील, कारागिरांच्या ख्रिस्ती प्रसंगांच्या खोदीव पट्टिका या कल्पनेत बसत नाहीत, कारण त्यांत उठाव नसतोच. पृष्ठभाग सपाट ठेवून त्यावर टोकदार हत्याराने रेषा खोदायच्या, त्यांत काळा रंग भरायचा आणि वरचा रंग पुसून घ्यायचा, एवढीच कृती असते. विद्यार्थिदशेत मी तांब्याच्या पत्र्यावर ब्युरिन (रेषा खोदण्याचे टोकदार हत्यार) चालवलेले असल्यामुळे या पट्टिका मला मूर्तिकलेपेक्षा मुद्राचित्रणाच्याच (खोदलेल्या पत्र्यावरून चित्र छापण्याच्या कलेच्या) घरातील वाटतात. पत्र्यावरील शाई कागदाकडे जाते. येथे ती रेषेतच मुक्कामाला राहते.

पंधराव्या शतकाच्या मध्यास दक्षिण नेदरलँड्स आणि उत्तर फ्रान्सच्या पट्ट्यात अशा पट्टिका लाकडी पेटिकांवर जडवल्या जात. त्यांतील बऱ्याच खरे तर हाडाच्या आहेत. हाड ओळखणे अवघड नसते: भिंगातून पाहिल्यास त्यात रक्तवाहिन्यांच्या जागी बारीक काळसर ठिपके दिसतात, तर हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी असते. हाडाची रुंदी बेताची असल्याने चित्रचौकटही अरुंद होते आणि दोन-तीन आकृत्यांत प्रसंग उभा करावा लागतो. मला तर ही अडचण कारागिराच्या पथ्यावरच पडलेली दिसते.

या पट्टिकांचे नाते ‘गरिबांचे बायबल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सचित्र ग्रंथपरंपरेशी जोडले जाते. त्या ग्रंथांत येशूच्या जीवनातील प्रसंग मध्यभागी आणि त्याची पूर्वसूचना मानलेले जुन्या करारातील प्रसंग दोन्ही बाजूंना मांडलेले असत. येशूला थडग्यात ठेवण्याच्या दृश्याशेजारी विहिरीत टाकला जाणारा योसेफ आणि माशाच्या तोंडी जाणारा योना येतात. पुनरुत्थानाशेजारी गाझाचे दरवाजे खांद्यावर घेतलेला शमशोन आणि माशाच्या पोटातून बाहेर पडणारा तोच योना. ही जोडणी ठाऊक नसेल, तर ख्रिस्ती दृश्यांच्या रांगेत मासा कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिकच आहे.

पुढे याच भागातील अँटवर्प शहर तांब्यावर खोदून छापण्याच्या रेषाकलेचे मोठे केंद्र झाले. 1566 मध्ये प्रतिमापूजेला विरोध असलेल्या प्रोटेस्टंटांकडून तेथील चर्चमधील प्रतिमा फोडल्या गेल्या. 1585 मध्ये शहर पुन्हा कॅथलिक स्पॅनिश सत्तेखाली आल्यावर कॅथलिक चित्रांची मागणी जोराने वाढली. तेथील वीरिक्स या खोदकार बंधूंनी असंख्य भक्तिचित्रे तांब्यावर खोदली. जेरोम नादाल या जेझुइटाच्या (कॅथलिक धर्मसंघातील धर्मगुरूच्या) 1593 च्या ग्रंथातील 153 चित्रांपैकी बहुतेक त्यांचीच आहेत. अँटवर्पचे छापील कागद दूरवर पोहोचले. 1580 मध्ये गोव्याहून अकबराच्या दरबारी गेलेल्या जेझुइटांनी त्याला भेट दिलेले बहुभाषी बायबलही अँटवर्पच्याच प्लांटिन छापखान्यातील होते.

छापील चित्र समोर ठेवून दुसऱ्या खोदकाराने ते जसेच्या तसे पत्र्यावर उतरवले, तर छापताना डावे-उजवे उलटते आणि येशू डाव्या हाताने आशीर्वाद देऊ लागतो. हस्तिदंतावर उतरवलेले चित्र पुढे छापले जात नाही, त्यामुळे तेथे आशीर्वादाचा हात उजवाच राहतो. अशी पट्टिका समोर आली, की माझी नजर आधी त्या हाताकडे जाते.